टोफूला पनीर म्हणून वाढू नका

टोफूला नाक मुरडणाऱ्या बऱ्याच घरांनी खरा टोफू चाखलेलाच नसतो. त्यांच्या ताटात आलेलं असतं ते बेचव पनीर. आमच्याकडेही तसंच झालं. सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं, डॉक्टरांनी लोणी, साय, पनीर कमी करायला सांगितलं आणि घरात टोफू आला. पालक-पनीरच्या कृतीत फक्त पनीर बदललं. पालकाची ग्रेव्ही नेहमीसारखीच झाली होती, पण तुकडा दाताखाली आला की नुसतं पाणी. बाबांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "सूनबाई, हे पनीर धुऊन घेतलंस का गं?" मुलांनी तर तुकडे वेचून ताटाच्या कडेला लावले.

पनीरमध्ये दुधाचा स्निग्धपणा असतो, म्हणून ते ग्रेव्हीत नुसतं टाकलं तरी खपून जातं. टोफू सोयाबीनच्या दुधाचा. त्यात फॅट कमी, मीठ नाही आणि पाणी भरपूर. ते पाणी आधी निघालं नाही तर मसाल्याला आत शिरायला जागाच उरत नाही.

म्हणून भाजी-रश्शासाठी घट्ट टोफू घ्या. सिल्कन म्हणून मिळणारा मऊ प्रकार रश्शात फुटून जातो. तुकडा स्वच्छ कापडात गुंडाळून वर पाण्याने भरलेलं पातेलं अर्धा तास ठेवा. घाई असेल तर चौकोनी फोडी करून उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग निथळून कापडाने टिपून घ्या. ओला टोफू गरम तेलात कधीच सोडू नका; तेल अंगावर उडतं.

कोरड्या फोडींना मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि लिंबाचा रस चोळून थोडा वेळ मुरू द्या. वरून तांदळाचं पीठ भुरभुरवा आणि चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर थोड्या तेलात परता. सारखं उलथनं घालू नका. खालची बाजू खरपूस झाली की फोड आपसूक सुटते.

रश्शासाठी आणखी एक युक्ती आहे. टोफू फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण वितळू द्या आणि तळहातांमध्ये दाबून पिळा. गोठल्यावर तो पिवळट दिसतो, पण तो खराब झालेला नसतो. आत बर्फामुळे छिद्रं पडतात आणि तो स्पंजसारखा रस्सा ओढून घेतो. कांदा-खोबऱ्याच्या भाजक्या वाटणात आणि काळ्या मसाल्यात असा टोफू दहा मिनिटं उकळला की तुकड्याच्या आतपर्यंत चव लागते.

घरात पहिल्यांदाच करत असाल तर मात्र भुर्जीपासून सुरुवात करा. हाताने कुस्करलेला टोफू, कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद आणि शेवटी चिमूटभर काळं मीठ. त्याने अंड्याच्या भुर्जीसारखा वास येतो. पण वाढताना 'टोफूची भुर्जी' असंच सांगा. दुसरं नाव दिलंत की खाणारा त्या दुसऱ्या चवीची वाट बघतो आणि हिरमुसतो.

काही पथ्यंही आहेत. पाकीट उघडल्यावर उरलेला टोफू ताज्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन-चार दिवसांत संपवा. आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला तर सरळ फेकून द्या. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी तो टाळावा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाच्या पदार्थात किती अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा. आणि टोफू आला म्हणून दूध-दही सरसकट बंद करू नका. शाकाहारी माणसाला बी-१२ मुख्यतः त्यांतून मिळतं, साध्या टोफूतून नाही.

आमच्याकडे पनीर आता वाढदिवसाला होतं आणि टोफूचा रस्सा एरवी कधीही. दोन्ही एका दिवशी मात्र करायचे नाहीत, हा नियम बाबांनीच घालून दिला आहे.