आधी आकृती, मग लिमिट

चि. मृण्मयीस,


ध्रुवीय वक्रांच्या क्षेत्रफळांची तू पाठवलेली तिन्ही उत्तरं तपासली. इंटिग्रेशन कुठेही चुकलेलं नाही, तरी दोन उत्तरं चूक आहेत. दोन्हीकडे दोष लिमिटचा.

आर = २ कॉस थीटा हे वर्तुळ घे. त्रिज्या १, म्हणजे क्षेत्रफळ पाय. तुला २ पाय आलं, कारण लिमिट सवयीने शून्य ते २ पाय घेतलंस. थीटा ९० अंशांपर्यंत जातो तेव्हा वरचं अर्धवर्तुळ होतं. पुढे कॉस ऋण, म्हणून बिंदू उलट बाजूला पडतो आणि खालचं अर्ध काढतो. १८० अंशांना वर्तुळ पुरं! नंतर तीच रेघ पुन्हा गिरवली जाते. क्षेत्रफळाच्या सूत्रात, म्हणजे अर्धा गुणिले आरच्या वर्गाचं इंटिग्रेशन यात, आरचा वर्ग असल्यामुळे ऋण-धन फरक उरत नाही आणि दोन्ही फेऱ्या बेरजेत येतात.

आर = १ + २ कॉस थीटा इथे चूक जास्त फसवी आहे. १२० आणि २४० अंशांना आर शून्य होतो, मधल्या पट्ट्यात तो ऋण असतो आणि वक्राच्या आत एक छोटा लूप तयार होतो. पूर्ण फेरीचं उत्तर ३ पाय, म्हणजे सुमारे ९.४२. बाहेरच्या रेघेच्या आतलं खरं क्षेत्रफळ सुमारे ८.८८. फरक ०.५४, म्हणजे तो लूपच, दोनदा मोजलेला.

म्हणून थीटा ३०-३० अंशांनी वाढवून तक्ता कर, बिंदू मांड, रेघेवरून बोट फिरव. बोट कुठून निघालं आणि कुठे परत आलं, ते तुझं लिमिट.

सूत्रातला 'अर्धा'ही नुसता पाठ करू नकोस. दहावीतली वर्तुळपाकळी आठव: अर्धा गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले रेडियनमधला कोन. अशा बारीक पाकळ्यांची बेरीज म्हणजेच हे इंटिग्रेशन. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, कॅल्क्युलस नसताना, आर थीटाच्या प्रमाणात वाढणाऱ्या सर्पिलाच्या आतबाहेर अशाच पाकळ्या बसवून सिद्ध केलं की पहिल्या वेढ्याचं क्षेत्रफळ त्याला वेढणाऱ्या वर्तुळाच्या बरोबर एक तृतीयांश असतं. ते तू दोन ओळींत काढू शकतेस. जरूर काढ.

दोन वक्रांमधल्या भागासाठी समीकरणं सोडवशील तेव्हा ध्रुवबिंदू, म्हणजे जिथे आर शून्य असतो तो बिंदू, वेगळा तपास. दोन्ही वक्र तिथून वेगवेगळ्या कोनांना जात असतील, तर तो छेदनबिंदू समीकरणातून मिळत नाही.

आता आर = कॉस ३ थीटा सोडव. तीन पाकळ्या मिळून पाय भागिले ४ यायला हवं. पाय भागिले २ आलं, तर लिमिट पुन्हा बघ.

तुझी,
मावशी