पायाच्या अंगठ्यावर नादकाटा

आमचे मामा बाजारातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे गळून पडली, त्यांना कळलेच नव्हते! आम्ही हसलो, डॉक्टर मात्र हसले नाहीत. मामांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनी खणातून चक्क एक नादकाटा काढला. आपल्या प्रयोगशाळेत २५६ किंवा ५१२ हर्ट्झचे असतात. हा १२८ चा होता. याचा आवाज कमी, पण कंप चांगला जाणवतो व बराच वेळ टिकतो. तो वाजवून त्यांनी त्याचा दांडा मामांच्या पायाच्या अंगठ्यावर, हाडाशी टेकवला. “थांबला,” मामा लगेच म्हणाले. डॉक्टरांनी तोच काटा माझ्या बोटावर ठेवला. तो अजून थरथरतच होता.

ही थरथर मेंदूला कळते कशी? तिचा निरोप नेणारी पेशी मज्जारज्जूच्या अगदी शेजारी, पाठीच्या कण्यात असते. पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. परंतु तिचा एक तंतू अंगठ्यापर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर जातो. दुसरा मज्जारज्जूत शिरतो आणि त्याच्या मागच्या भागातून, त्याच बाजूने, थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत चढतो. मध्ये एकही जोड नाही! यातून निरोप सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो. वेदनेचा निरोप मात्र मज्जारज्जूत शिरताच दुसऱ्या पेशीकडे सोपवला जातो व विरुद्ध बाजूने वर जातो. वेदनेच्या सर्वांत बारीक तंतूंचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. ठेच लागली की धक्का आधी कळतो आणि ठणका मागाहून येतो, तो यामुळेच.

एवढ्या लांब तंतूला लागणारी प्रथिने त्या इवल्याशा पेशीतच तयार होतात आणि तंतूच्या आतून वाहून न्यावी लागतात. जलद वाहतूकही दिवसाला ४० सें. मी. च्या आसपास. म्हणजे अंगठ्याला माल पोचायला दोन-तीन दिवस, आपली एस. टी. बरी! रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मज्जातंतूंत सॉर्बिटॉल साचते, त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या खराब होतात आणि ही वाहतूकही बिघडते. मग सर्वांत दूरचे टोक आधी झिजते. बधिरता पायाच्या बोटांपासून वर सरकते ती म्हणून. हाताचे तंतू आखूड, त्यांची पाळी उशिरा येते. बहुधा बधिरता गुडघ्याजवळ पोचल्यावर.

पूर्वी हा विकार केवळ हातापायांच्या तंतूंचा मानत. २००१ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे एम. आर. आय. ने तपासणी केली, तेव्हा अशा रुग्णांच्या मज्जारज्जूच्या छेदाचे क्षेत्रफळच कमी झालेले आढळले. मला याचे फारसे नवल वाटत नाही. पेशी एकच, खालचा तंतू झिजत असता वरचा सुखरूप कसा राहावा?

साखर ताब्यात ठेवल्यास पुढची झीज मंदावू शकते. गेलेली संवेदना मात्र सहसा परत येत नाही. मामा आता मागे पट्टा असलेल्या चपला घालतात, रोज रात्री आरसा धरून तळवे पाहतात, आणि पाय गरम पाण्यात घालण्यापूर्वी त्यात कोपर बुडवतात.