आधी वस्तू, मग वाक्य : सुटीतील बालनाट्य-कार्यशाळेविषयी एक टिपण

बालरंगभूमीचा विचार करताना आपली समीक्षा संहितेपासून आरंभ करते आणि वेशभूषा, मुखवटे, प्रॉपर्टी यांची बोळवण शेवटच्या परिच्छेदात करते. मुलाच्या खेळात मात्र हा क्रम उलटा असतो. काठीचा घोडा आधी होतो, स्वार नंतर होतो आणि स्वाराच्या तोंडचे वाक्य त्याहून नंतर येते. रायपूरला लागून असलेल्या, उरला औद्योगिक क्षेत्राशेजारच्या बीरगांवात सुटीतील कार्यशाळा घ्यावयाची झाल्यास या क्रमाला विशेष महत्त्व येते. कामगारवस्तीतील मुलांची घरची भाषा एकच असेल असे गृहीत धरता येत नाही; वस्तू घडवताना मात्र त्यांना परस्परांच्या भाषेवाचून अडत नाही.

मराठी बालरंगभूमीला 1959 साली सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने सुविहित रूप दिले. तिच्या वैभवशाली नेपथ्याने मुलांच्या कल्पनेला खाद्य पुरवले, हे निःसंशय. परंतु शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्या वैभवाची छाया तेवढी उतरली : भाड्याच्या कपडेपटातला खांद्यावरून घसरणारा अंगरखा आणि कानांपर्यंत येणारा मुकुट. तेथे सोंग मुलाने घेतलेले नसते. ते त्याच्यावर चढविलेले असते.

दुसरी वाट खुद्द रायपूरच्या परिसरात आहे. हबीब तनवीर (1923–2009) यांचा जन्म रायपूरचा. 1973 साली त्यांनी रायपूर येथे नाचा कलावंतांसमवेत कार्यशाळा घेतली आणि 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ साकार झाले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी बालचित्र संस्थेसाठी याच कथेवर चित्रपट केला. नाटकाची मूळ कथा विजयदान देथा यांच्याकडून आलेली. रंगमंचावर एक बुटका चौथरा आणि मागे पानांची फांदी, एवढ्यावर राजवाडाही उभा राहतो आणि रस्ताही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या नाटकाची रचना उद्बोधक आहे. चरणदास गुरूपुढे थट्टेने चार प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. पाचवी, खोटे न बोलण्याची, गुरू त्याच्याकडून घेतो. पहिल्या चार प्रतिज्ञांना ताट, हत्ती, मुंडावळ्या आणि सिंहासन अशी मूर्त रूपे देता येतात. पाचवीला वस्तूच नाही. हाच कार्यशाळेचा पाठ होऊ शकतो. पुठ्ठ्याच्या ताटाला सोनेरी कागद लावण्यात ज्या मुलाची दुपार गेली, त्याला ते ताट नाकारणाऱ्या चोराची किंमत निराळी समजवावी लागत नाही. आणि ‘खरे बोलणे कशाचे करायचे?’ असा प्रश्न त्याने विचारला, तर नाट्यशिक्षण तेथेच घडले असे म्हणावे.

हत्तीचे कान सुपांचे करावेत. गणपतीला शूर्पकर्ण म्हणणाऱ्या परंपरेने ही उपमा कधीच करून ठेवली आहे. मराठी सूप आणि छत्तीसगढी सूपा यांत अंतरही फारसे नाही. घरे सारवण्याची पांढरी छुई माती मुखवट्यावर उत्तम बसते. कागदाच्या लगद्याला मैद्याची खळ पुरते. खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत मुलांच्या हाती देऊ नये, कारण ते विष आहे. लगदा पातळ थरांनी चढवावा. एकदम जाड दिल्यास वरून वाळतो आणि आत ओला राहून कुजतो. कारखान्यातील रिकामी पोती व पिंपे फुकट मिळाली तरी घेऊ नयेत, कारण त्यांत पूर्वी कोणते द्रव्य होते ते आपल्याला ठाऊक नसते.

ही मुले या कामाला नवखी नसतात. छत्तीसगढात पोऱ्याला मातीचे बैल व भातुकलीची भांडी येतात, हरेलीला मुले बांबूच्या गेडीवर चालतात. भोसल्यांच्या अमलाने एकेकाळी याच प्रदेशाशी जोडलेल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजतात आणि मारबतीबरोबर टाकाऊ वस्तूंचे बडगे निघतात. यांपैकी बैल घरी जपून ठेवला जातो, बडग्याचे दहन होते. करणाऱ्याने कोणती वस्तू ठेवावी आणि कोणती सोडावी, याचा निर्णय या खेळातच अंतर्भूत आहे. कार्यशाळेच्या अखेरीस तो निर्णय मुलांवरच सोपवावा.

अशा कार्यशाळेचे मूल्यमापन शेवटच्या दिवशीच्या प्रयोगावरून करणे मला अपुरे वाटते. आपण केलेली वस्तू अशीच का केली, हे मुलाला आपल्या बोलीत सांगता येते काय, आणि शेजारच्या मुलाच्या बोलीत तिला काय म्हणतात हे त्याला कळले काय, या दोन प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळाले तर मुकुट थोडा वाकडा बसला म्हणून बिघडत नाही. तौलनिक साहित्याचे आम्ही अभ्यासक ज्याचा शोध ग्रंथांत घेतो, त्याची सुरुवात अशी एका सुपापासूनही होऊ शकते.