पुसण्याआधी दिसू द्या

‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर हे रुंदीच नसलेले चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण शोध घेतला की बहुतेक वेळा एक सापडतो आणि दुसरा निसटतो. दुसऱ्या रीतीतले ते चिन्ह पुसले, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो.

असे झालेले मी पाहिले आहे. मराठी मजकुराची एक मोठी फाइल संपादनासाठी आली, तेव्हा तिची आधीच ‘सफाई’ झाली होती. शून्य रुंदीची सगळी चिन्हे कुणीतरी एकाच आदेशात काढून टाकली होती. ‘पायर्या’, ‘वार्यावर’ अशी रूपे शुद्धलेखन-तपासनिसाने पकडली. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले होते, ते मात्र त्याला सापडेना, कारण तोही शब्द शुद्धच. कोणता रफार मुळातला आणि कोणता सफाईतून आलेला, हे ओळ न् ओळ वाचूनच ठरवावे लागले.

म्हणून पहिला नियम हा, की अदृश्य चिन्ह आधी दिसू द्यावे, ओळखावे आणि मगच ठेवायचे की काढायचे ते ठरवावे. एडिटरमध्ये ही सोय असते, पण ती आपल्या कामाप्रमाणे लावून घ्यावी लागते.

प्रत्येक चिन्हाचा उपद्रव निराळा असतो. मेकफाइलमध्ये आदेशाची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस पडल्या की काम अडते. पायथन ३ टॅब आणि स्पेस यांची विसंगत सरमिसळ स्वीकारत नाही. विंडोजमधली फाइल लिनक्सवर नेली की ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न उरतो आणि शेल स्क्रिप्ट चालत नाही. मॅकवर ऑप्शन दाबून स्पेस दिली की न तुटणारी स्पेस उमटते. ती दिसते साधीच, पण प्रोग्राम तिला साधी स्पेस मानीलच असे नाही.

धोका केवळ चुकांचा नाही. केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी नोव्हेंबर २०२१मध्ये ‘ट्रोजन सोर्स’ हा हल्ला जाहीर केला. लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे पेरली, तर प्रोग्रामरला दिसणारा कोड एक आणि कंपायलर वाचतो तो दुसरा, असे होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास व्हीएस कोड या एडिटरमध्ये अशा अक्षरांना चौकट घालून दाखवण्याची सोय आली.

व्हीएस कोडमध्ये ‘रेंडर व्हाइटस्पेस’ हा पर्याय स्पेस आणि टॅब दाखवतो. ‘ऑल’ निवडले की सगळ्या, ‘ट्रेलिंग’ निवडले की फक्त ओळीच्या शेवटच्या. शून्य रुंदीच्या चिन्हांसाठी ‘युनिकोड हायलाइट’मधला अदृश्य अक्षरांचा पर्याय वेगळा आहे. साध्या मजकुराच्या आणि मार्कडाउनच्या फाइलींसाठी तो मुळात बंद असतो. मराठी लेखन बहुधा त्याच फाइलींत होते, म्हणून तिथे तो मुद्दाम चालू करावा. विममध्ये ‘सेट लिस्ट’ म्हणावे आणि ‘लिस्टचार्स’मध्ये टॅब, ओळीअखेरची स्पेस आणि न तुटणारी स्पेस यांना तीन वेगळ्या खुणा द्याव्यात. एकच ठिपका सगळ्यांना दिला, तर फरक पुन्हा झाकला जातो. इमॅक्समध्ये ‘व्हाइटस्पेस मोड’ आहे. शिवाय ज्यांना आकार नाही अशी अक्षरे रिकामी चौकट, कोड किंवा लघुनाम यांपैकी कशी दिसावीत, हेही ठरवता येते. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८, तर लिबर ऑफिस रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ१० दाबले की परिच्छेदखुणा आणि स्पेस दिसतात.

खुणांचा रंग फिका ठेवावा, म्हणजे वाचन अडत नाही. संशयास्पद चिन्हांना मात्र ठळक रंग द्यावा.

काढण्याचा निर्णय फाइल पुढे कुठे जाणार यावर ठरतो. फाइलीच्या आरंभी असणारे बाइट ऑर्डर मार्क शेल स्क्रिप्टची पहिली ओळ बिघडवते, म्हणून तिथून ते काढावे. पण तेच चिन्ह नसलेली मराठी सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली, तर देवनागरीऐवजी भलतीच अक्षरे येऊ शकतात. तिथे ते राहू द्यावे. मराठी मजकुरातल्या ‘र’, हलन्त आणि जॉइनर या क्रमाच्या जागी आधी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे. उरलेले जॉइनर एकेक तपासावेत.

मांडणी जमली का, हे पाहायला एक छोटी चाचणी फाइल करावी. पाच ओळी पुरेत: टॅब, ओळीअखेरची स्पेस, न तुटणारी स्पेस, जॉइनर असलेला ‘दऱ्या’ आणि स्वतंत्र ‘ऱ’ असलेला ‘दऱ्या’. नवा एडिटर घेतला किंवा जुन्याची आवृत्ती बदलली, की ती उघडावी. शेवटच्या दोन ओळींतला फरक ओळखता येत नसेल, तर त्या एडिटरमध्ये मराठी मजकुराची सफाई करू नये.