साखर, वजन आणि शक्ति

गोड पदार्थ न आवडणारा मनुष्य विरळा. शुभवार्ता कळली कीं आपण तोंड गोड करतों. मधुर बोलणाऱ्याच्या जिभेवर साखर आहे असें म्हणतों. आणि 'साखरेचें खाणार त्याला देव देणार' ही म्हण तर आपण सर्वांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलेली आहे. अशा ह्या लाडक्या पदार्थाविषयीं दोन प्रश्न हल्लीं वारंवार विचारले जातात. साखर खाल्ल्यानें अंगांत शक्ति येते काय? आणि साखर सोडल्यानें वजन उतरतें काय? प्रश्न साधे दिसतात. परंतु जव्हार-मोखाड्यासारख्या आपल्या डोंगराळ मुलुखांत त्यांचें उत्तर शहरांतल्याहून कांहींसें निराळें आहे, आणि तें नीट न समजल्यास त्याचे परिणाम घरांतील सर्वांत लहान मुलाला भोगावे लागतात. म्हणून ह्या पाठांत त्याचा शांतपणें विचार करूं.

प्रथम साखर म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द संस्कृत 'शर्करा' शब्दापासून आला आहे. ऊंस आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून लागवडींत आहे. अलेक्झांडर बादशहाच्या आरमाराचा अधिपति निआर्कस ह्यानें मधमाश्यांवांचून मध देणाऱ्या वेतांचें वर्णन केलें, तें आपल्या उंसाचेंच असें मानतात. तरीही पांढरी साखर सामान्य घरांत रोजच्या वापराची झाली ती अलीकडेच. प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या उद्योगानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व 1950-51 च्या हंगामांत सुरू झाला. मागोमाग महाराष्ट्रांत असे अनेक कारखाने निघाले. आज मोखाड्याच्या दूरच्या पाड्यावरही साखरेची पुडी सहज मिळते.

साखरेचा प्रत्येक सूक्ष्म कण ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्या दोन शर्करांच्या जोडीनें बनलेला असतो. आंतड्यांत ही जोडी सुटते. ग्लुकोज रक्तावाटे सर्व अवयवांना पोंचतें. फ्रुक्टोज बहुतांशीं यकृताकडे जातें, आणि तें गरजेपेक्षां अधिक झाल्यास त्याची चरबी बनते. एक ग्रॅम साखरेपासून शरीराला सुमारे 4 कॅलरी उष्णता मिळते. परंतु तीबरोबर मांस व रक्त घडविणारीं प्रथिनें मिळत नाहींत, हाडांचा चुना मिळत नाहीं, लोह मिळत नाहीं, जीवनसत्त्वेंही मिळत नाहींत. थोडक्यांत, साखर हें जळण आहे, संपूर्ण अन्न नव्हे. आणि जळण म्हणूनही तिची जात वेगळी आहे. चुलींत वाळलेला पातेरा घातला तर भडका मोठा होतो, पण भात शिजण्यापूर्वींच राख होते. ऐनाचें लांकूड सावकाश पेटतें, पण तें भात शिजवून निखारा मागें ठेवतें. साखर हा पातेरा होय. नागलीची भाकर, वरईचा भात व उडदाची डाळ हें लांकूड होय.

आतां पहिला प्रश्न घेऊं. गोड चहा घेतल्याबरोबर तरतरी आल्यासारखी वाटते, हा सर्वांचा अनुभव आहे. त्या तरतरींत बराच वांटा चहांतील कॅफीन ह्या द्रव्याचा असतो. साखरेचें म्हणाल तर ती लवकर पचते आणि थोड्याच मिनिटांत रक्तांतील ग्लुकोज वाढतें. तें वाढतांच स्वादुपिंड नांवाची ग्रंथि इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत सोडते, व त्याच्या योगें ग्लुकोज स्नायूंत, यकृतांत आणि चरबींत सांठविलें जातें. रक्तांतील शर्करा जशी झपाट्यानें चढली, तशीच ती उतरते. 2019 सालीं कांहीं संशोधकांनीं ह्या विषयावरील पूर्वीचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. शर्करायुक्त पदार्थ घेतल्यानें मन अधिक प्रसन्न होतें असें त्यांना आढळलें नाहीं. उलट पहिल्या तासाभरांत थकवा अधिक आणि सावधपणा कमी असेंच दिसून आलें. विश्रांतीच्या वेळीं शरीर जितकी शक्ति खर्च करतें, तिचा सुमारे पांचवा हिस्सा एकटा मेंदूच घेतो, आणि त्याला हा पुरवठा दिवसभर सारखा हवा असतो. जो विद्यार्थी सकाळीं केवळ गोड चहा घेऊन पाड्यावरून शाळेची वाट चालूं लागतो, त्याला तिसऱ्या तासाला पेंग येते. ती कां येते हें आतां ध्यानांत येईल. त्याच्या बुद्धींत कांहीं उणें नसतें. त्याच्या पोटांत अन्न नसतें.

थोडें गणित करूं. एका कपांत तीन चमचे, म्हणजे सुमारे 12 ग्रॅम साखर घातली, तर तिच्यापासून 48 कॅलरी मिळतात, आणि दुसरें कांहींच मिळत नाहीं. साठ ग्रॅम नागलीच्या पिठाची एक भाकर घेतली, तर सुमारे 190 कॅलरी, 4 ग्रॅम प्रथिनें आणि 200 मिलिग्रॅमच्या आसपास चुना मिळतो. वजनास वजन घेतलें तर नागलींत गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट चुना आहे. जें धान्य आपल्या उतारावरच्या वरकस जमिनींत पिकतें, त्याची योग्यता एवढी मोठी आहे! मात्र भाकरीबरोबर चहा घेऊं नये. चहांतील तुरट द्रव्यें धान्यांतील लोह शरीरांत शोषूं देत नाहींत, आणि लोह कमी पडलें म्हणजे रक्त फिकें होऊन थकवा येतो. तो थकवा घालविण्यासाठीं पुन्हां चहा घेतला, तर दुखण्यावर दुखण्याचेंच औषध दिल्यासारखें होतें.

दुसरा प्रश्न वजनाचा. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2013 सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध केला. ज्या प्रौढांनीं साखर कमी केली, त्यांचें वजन सरासरीनें सुमारे 0.8 किलो उतरलें. ज्यांनीं ती वाढविली, त्यांचें जवळजवळ तितकेंच वाढलें. परंतु साखर काढून तेवढ्याच कॅलरींचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हां वजनांत फरक पडला नाहीं. ह्यावरून साखरेंत वजन वाढविण्याची कांहीं जादू नाहीं हें उघड होतें. ती जेवणांत नकळत भर घालते, म्हणून वजन वाढतें. विशेषतः पातळ पेयांतील साखरेनें प्रौढाचें पोट भरल्यासारखें वाटत नाहीं. चहा किंवा बाटलींतील सरबत प्याल्यावरही तो आपलें नेहमींचें जेवण जेवतोच. जो दिवसभर नांगर धरतो किंवा डोक्यावर मोळी वाहतो, त्याच्या अंगांत ही भर जळून जाते. पण तोच मनुष्य शहरांत जाऊन बैठ्या कामाला लागला व चहाच्या चमच्यांची संख्या तीच राहिली, तर ती पोटावर दिसूं लागते. अशा मनुष्यानें वजन उतरविण्यासाठीं प्रथम पेयांतील साखर कमी करावी. जेवण टाकूं नये. साखरेऐवजीं मिळणाऱ्या कृत्रिम गोड गोळ्यांवरही त्यानें विसंबूं नये. वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं त्या वापरूं नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 सालीं दिला आहे.

हें प्रौढांचें झालें. लहान मुलाची गोष्ट नेमकी उलट आहे, आणि आपल्या तालुक्यांना तीच अधिक जवळची आहे. मुलाचें पोट त्याच्या मुठीएवढें असतें. सकाळीं रडणाऱ्या मुलाला कोरा गोड चहा पाजला, किंवा हातांत बिस्किटाचा पुडा दिला, तर तें गप्प बसतें, कारण पोटांतील जागा भरलेली असते. मग पुढें आलेली पेज, भाकर किंवा डाळ तें नाकारतें. भूक मेली, पण भुकेचें कारण तसेंच राहिलें. जी साखर मोठ्या माणसाच्या जेवणांत भर घालून त्याचें वजन वाढविते, तीच साखर लहान मुलाचें जेवण बाजूला सारून त्याचें वजन वाढूं देत नाहीं. ह्या पाठांतील मुख्य गोष्ट हीच होय.

1992 सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांतल्या बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हळहळला. तेव्हां हा तालुका ठाणें जिल्ह्यांत होता; पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजीं निराळा झाला. त्या दुःखाचें कारण साखर होती असें कोणीही म्हणणार नाहीं. दारिद्र्य, रोगराई, वीटभट्ट्यांवर व परगांवीं करावें लागणारें स्थलांतर आणि दूरचा दवाखाना, ह्या साऱ्यांनीं मिळून कुपोषण घडतें. परंतु जेथें घासाघासाचें मोल आहे, तेथें मुलाच्या पोटांतील थोडी जागा रिकाम्या गोडीनें भरणें परवडत नाहीं. अंगणवाडीताई मुलाच्या दंडाला फीत लावून पाहतात, तें ह्यासाठींच. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरहून कमी भरला, तर तें अतितीव्र कुपोषण समजावें व मुलाला विलंब न लावतां दवाखान्यांत न्यावें. सरकारनें 2015 सालीं आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, तींत गरोदर व स्तनदा मातांना चौरस ताजें जेवण आणि पुढें लहान मुलांना अंडीं किंवा केळीं देण्याची तरतूद झाली. तींत साखरेची पुडी नसून जेवण आणि अंडीं आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, 'आमची मुलें किरकोळ बांध्याचीं. त्यांना मधुमेहाची भीति कसली?' ह्या समजुतीला पुण्याच्या संशोधनानें धक्का दिला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकें ह्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होतें. पण इंग्रज बालकांशीं तुलना करतां त्यांच्या अंगीं मांस फार कमी आणि चरबी त्या मानानें अधिक आढळली. दिसावयास हडकुळें शरीरही मधुमेहापासून सुरक्षित नसतें, असा त्याचा अर्थ. दुसरा पुरावा ब्रिटनमधला आहे. तेथें दुसऱ्या महायुद्धांत साखर रेशनवर मोजून मिळूं लागली, आणि हें बंधन 1953 सालीं उठलें. 2024 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्यांचे गर्भांतील दिवस आणि पहिलीं दोन वर्षें त्या बंधनाच्या काळांत गेलीं, त्यांना पुढें मधुमेह होण्याचें प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनीं आणि रक्तदाबाच्या विकाराचें सुमारे 20 टक्क्यांनीं कमी होतें. म्हणजे मातेच्या व तान्ह्याच्या आहारांतील साखर पन्नास-साठ वर्षांनंतरही आपला हिशेब मागते.

वजन उतरणें हें नेहमींच सुचिन्ह नसतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. इन्शुलिन मुळींच तयार होत नाहीं अशा मधुमेहांत रक्तांत साखर उदंड असते, पण ती पेशींत शिरूं शकत नाहीं. रोगी सारखा तहानेला होतो, त्याला वारंवार लघवीला होतें, आणि तो वाळत जातो. 1921 सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें, आणि 1922 च्या जानेवारींत तें प्रथम 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्सन ह्या मरणोन्मुख मुलाला टोंचलें. तो पुढें 13 वर्षें जगला. असें लक्षण घरांत कोणाच्याही ठायीं दिसलें तर तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

साखर सर्वस्वीं त्याज्य आहे असेंही नव्हे. जुलाब होऊन शरीरांतील पाणी कमी झालें असतां तीच प्राणरक्षक ठरते. उकळून थंड केलेल्या 1 लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें पाजावें. ग्लुकोजच्या साहाय्यानें मीठ व पाणी आंतड्यांतून शरीरांत ओढलें जातें. मधुमेहाचें औषध घेणाऱ्याला अकस्मात् घाम व कंप सुटला, तर शुद्धीवर असतां त्याला साखर चारावी. गुळांत थोडें लोह व क्षार असतात. परंतु तोही मुख्यतः साखरच आहे, म्हणून 'गूळ चालतो' असें म्हणून हात सैल सोडूं नये. रानांतील करवंदें व जांभळें मात्र चोथ्यासकट खाल्लीं जातात, त्यामुळें त्यांची गोडी सावकाश रक्तांत उतरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 सालच्या मार्गदर्शनाप्रमाणें वरून घातलेली साखर एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाहून कमी असल्यास अधिक बरें. 2000 कॅलरींच्या आहारांत हें प्रमाण अनुक्रमें 50 व 25 ग्रॅम होतें. विद्यार्थ्यांनीं घरीं महिन्याला किती साखर लागते तें विचारावें व तिला माणसांनीं आणि दिवसांनीं भागावें. पांच माणसांच्या घरांत महिन्याला 5 किलो साखर लागत असेल, तर प्रत्येकाच्या वांट्याला रोज सुमारे 33 ग्रॅम येते. बिस्किटें व बाटलींतील पेयें ह्यांतली साखर निराळीच.

पालकांना विनंति एवढीच कीं, मुलाला शाळेंत पाठवितांना चहापूर्वीं नागलीची भाकर, आंबील किंवा रात्रीचा भात आणि थोडी डाळ किंवा भाजी द्यावी. दोन वर्षांच्या आंतील मुलाला चहा मुळींच पाजूं नये. आणि कपांतील तिसरा चमचा ह्या महिन्यांत, तर दुसरा पुढील महिन्यांत कमी करावा. जीभ थोड्याच दिवसांत नव्या चवीला सरावते. सणासुदीला अवश्य तोंड गोड करावें, कारण सणाची गोडी सणालाच शोभते. ऊंस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊं नये, असें आपले वाडवडील सांगत आले आहेत. त्या सांगण्यांत आहारशास्त्राचा अर्धा पाठ आलेला आहे.