कठाणीच्या रेतीवर पावलांचा पाठ

पावसाळ्यात दुथडी वाहणारी कठाणी डिसेंबरात आक्रसते आणि काठाची रेती उघडी पडते. रात्री पाण्यावर येऊन गेलेल्या जनावरांची पावलं त्या ओल्या रेतीत उमटलेली असतात. धानोरा तालुक्यातल्या शाळांसाठी वनरक्षकाला घेता येईल असा हा अर्ध्या दिवसाचा उपक्रम आहे. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी ठसे, मग पाणी. मुलं एकदा पाण्याकडे धावली की रेतीवर वाचायला काही उरत नाही.

साहित्य (२० मुलं, पाच-पाचांचे चार गट)
प्लास्टर ऑफ पॅरिस २ किलो, जुने डबे, ढवळायला काड्या, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, पांढऱ्या ताटल्या, चहाच्या मोठ्या गाळण्या, भिंगं, १० मीटर दोरी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, वह्या, प्रथमोपचार पेटी.

आधीची तयारी
- वनपरिक्षेत्र कार्यालय, शाळा आणि पालक यांची परवानगी घ्या. ग्रामसभेलाही विचारा. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावांत जंगलाचा कारभार ग्रामसभा पाहते. काठ ओळखणारं गावातलं एक जाणतं माणूस सोबत मागा.
- वेळ सकाळी ८ ते ११. पहाट आणि संध्याकाळ जनावरांची.
- मुलं निघण्यापूर्वी वनरक्षकाने काठ पाहून यावा. वाघ, अस्वल किंवा हत्तीची ताजी खूण दिसली तर उपक्रम रद्द. २०२१ पासून छत्तीसगडातून आलेले रानटी हत्ती या भागात वावरत असल्याने आदल्या दिवशीच्या गस्तीची माहितीही घ्या.
- मलेरियाचा तालुका आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे सांगा.

कृती
१. मुलांना रेतीच्या कडेला रांगेत उभं करा. पाऊल कुणाचं हे सांगू नका. आधी बोटं मोजायला लावा. चार बोटं आणि नखं दिसत नसतील तर मांजरकुळातलं जनावर. चार बोटांपुढे नखं असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा रानकुत्रा. पाच बोटं आणि लांब नखं अस्वलाची. दोन भागांत फाटलेला खूर चितळाचा किंवा रानडुकराचा.
२. मुलं गोंडीतलं नाव सांगतील. वहीत ते आधी लिहा, मराठी नाव शेजारी.
३. प्रत्येक गटाने एक स्पष्ट ठसा निवडून त्याभोवती पुठ्ठ्याचं कडं रोवावं.
४. एक भाग पाण्यात दोन भाग प्लास्टर हळूहळू टाकत काडीने ढवळा. भज्यांच्या पिठाइतकं दाट झालं की कडेकडेने ओता, थेट ठशावर नको. घट्ट होताना प्लास्टर तापतं, म्हणून त्यात हात घालू देऊ नका.
५. ते आवळायला अर्धा तास लागतो. आता पाण्याकडे वळा. घोट्यापेक्षा खोल कुणीही जायचं नाही. प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस हवं.
६. पाण्यातला दगड हळूच उचला, खाली गाळणी धरा, सापडलेले जीव पाणी भरलेल्या ताटलीत सोडा. मे-माशीची तीन शेपट्यांची पिल्लं दिसली तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसत्या लाल अळ्या सापडल्या तर गाळ आणि घाण वाढल्याची शंका घ्या. दहा मिनिटांत सगळे जीव परत सोडा, दगड होता तसा ठेवा.
७. काठावर १० मीटर दोरी ताणा, वाळकी काडी सोडा, सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा. २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर.
८. ठसे उचला, कागदात गुंडाळा. उरलेलं प्लास्टर आणि डबे नदीत धुऊ नका, परत न्या.

शाळेत परतल्यावर
दोन दिवसांनी ठसे ब्रशने साफ करा. मागे तारीख, जागा आणि गोंडी-मराठी नाव लिहा. नदीचा वेग दर महिन्याला त्याच जागी मोजा. उन्हाळा येईतो पाणी कसं मंदावत गेलं, याचा तक्ता मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून काढता येईल.

अडचणीत वनविभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. काठावर मोबाइलला रेंज कुठे मिळते, तेही आधीच पाहून ठेवा.