विषहारक विकरे : किडीची ढाल, मधमाशीची मर्यादा

तुरीच्या शेतात एकाच कीटकनाशकाची फवारणी होते. परंतु तिचा परिणाम सर्व जीवांवर सारखा होत नाही. शेंगा पोखरणारी घाटेअळी काही हंगामांनंतर त्या औषधाला दाद देईनाशी होते. फुलांवर आलेली मधमाशी मात्र त्याच औषधाने मरते आणि फवारणी करणाऱ्या माणसालाही त्याची बाधा होते. असे का घडते, याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग या जीवांच्या शरीरातील विषहारक विकरांमध्ये, म्हणजेच एंझाइमांमध्ये, आणि ती घडविणाऱ्या जनुकांमध्ये दडलेला आहे.

विकरांचे कार्य

वनस्पतींना शत्रूपासून पळून जाता येत नाही. म्हणून तंबाखूत निकोटीन, कपाशीत गॉसिपॉल अशी विषारी द्रव्ये निर्माण होतात. त्या वनस्पती खाणाऱ्या प्राण्याला ही द्रव्ये निरुपद्रवी करावी लागतात. या कामी ‘सायटोक्रोम पी-४५०’ हे विकरांचे कुल अग्रेसर आहे. ही विकरे विषाच्या रेणूला ऑक्सिजनचा अणू जोडतात. त्यानंतर दुसऱ्या कुलांतील विकरे त्याला पाण्यात विरघळणारा घटक जोडून देतात व विष शरीराबाहेर टाकले जाते. जपानमधील ओमुरा व सातो या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात या विकराचे स्वरूप स्पष्ट केले. कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाल्यावर ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, यावरून त्यास हे नाव मिळाले.

कुलाचा विस्तार व ऱ्हास

हे कुल जीवाणूंपासून मानवापर्यंत आढळते. यावरून त्याचे प्राचीनत्व लक्षात येते. पिढी बदलताना कधीकधी एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. मूळ प्रत जुने काम करीत राहते व दुसरी बदलण्यास मोकळी होते. नव्या जनुकांच्या उगमाचा हा मार्ग सुसुमु ओनो यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात मांडला. नवी प्रत उपयोगी ठरली तर टिकते, अन्यथा निकामी होते.

परिणामी प्रत्येक जातीत या कुलाचा आकार निराळा आहे. मानवात पी-४५० ची ५७ जनुके आहेत, घाटेअळीत ११४, तर पाश्चात्त्य मधमाशीत अवघी ४६. निलगिरीची विषारी पाने खाणाऱ्या कोआला या ऑस्ट्रेलियातील प्राण्यात या कुलाच्या एकाच शाखेत ३१ जनुके आढळली आहेत. उलट, मांसाहारी मांजरात विषाला जोडघटक लावणारे एक जनुक निकामी झालेले आहे. त्यामुळे माणसाला सोसणारे पॅरासिटामॉल मांजराला मारक ठरते.

घाटेअळीची ढाल

घाटेअळी कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. निरनिराळ्या वनस्पतींची विषे पचविताना तिच्याजवळ विकरांचा मोठा साठा तयार झाला आणि तोच कीटकनाशकांविरुद्ध उपयोगी पडला. पी-४५० कुलातील जनुकांचा एक संपूर्ण समूह काढून टाकल्यावर ही अळी वनस्पतींच्या विषांना व काही कीटकनाशकांना अधिक बळी पडते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. त्यापूर्वी, २०१२ साली, दोन शेजारील जनुकांचे भाग एकत्र येऊन बनलेले एक नवे जनुक ऑस्ट्रेलियातील अळ्यांत सापडले. त्यापासून तयार होणारे विकर फेनव्हेलरेट या कीटकनाशकाचा निचरा करते.

फवारणीमुळे असे जनुक मुद्दाम तयार होत नाही, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. फवारणीत दुबळ्या अळ्या मरतात, ज्यांच्याजवळ असे जनुक आहे त्या वाचतात व त्यांचीच प्रजा वाढते. तेच औषध पुनःपुन्हा वापरणे म्हणजे प्रतिकारक्षम किडीची निवड करणे होय.

मधमाशी आणि माणूस

मध व पराग यांवर जगणाऱ्या मधमाशीत ही कुले लहान राहिली. केवळ संख्येवरून तिची दुर्बलता ठरत नाही. तिची काही विकरे विशिष्ट कीटकनाशकांचा चांगला निचरा करतात. परंतु काही बुरशीनाशके नेमकी हीच विकरे रोखतात. अशी दोन औषधे एकत्र मिसळून फवारल्यास मधमाशीला होणारा अपाय अनेक पटींनी वाढू शकतो.

माणसाच्या बाबतीत तर हे शस्त्र दुधारी आहे. क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक यकृतातील पी-४५० विकरांमुळेच अधिक जहाल रूप धारण करते. पॅराऑक्सोनेज हे दुसरे विकर त्या जहाल रूपाचे विघटन करते. पण त्याची क्षमता व्यक्तिपरत्वे कमीअधिक असते. म्हणून ‘शेजाऱ्याला काही झाले नाही, मलाही होणार नाही’ हा भरवसा फोल आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विसरता येण्याजोगी नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

या ज्ञानाचा उपयोग बांधावर व्हावयास हवा. कामगंध सापळे व पक्षिथांबे यांचा अवलंब करावा. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी करावी. एकाच गटातील औषध पुनःपुन्हा वापरू नये व शिफारस नसलेली मिश्रणे टाळावीत. फुलोऱ्याच्या काळात फवारणी अपरिहार्य झाल्यास मधमाश्या पोळ्याकडे परतल्यानंतर, सायंकाळी करावी. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे यांवाचून कोणालाही फवारणीस पाठवू नये. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत आणि शिक्षकांनी वर्गात ही माहिती दिल्यास औषधावरील खर्च वाचेल, मधमाश्या टिकतील आणि त्याहून मोलाचे म्हणजे फवारणी करणारा माणूस सुखरूप घरी परतेल.